अंतरात्म्याला व्हिप लागत नाही

राष्ट्रपतिपदाच्या १९६९च्या निवडणुकीत पंधरा उमेदवार होते आणि त्यातल्या पाच जणांना चक्क भोपळा मिळाला. आता यातली गंमत बघा. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक अर्जावर दोन मतदारांच्या सह्या लागायच्या, एक सूचक आणि एक अनुमोदक. आणि या निवडणुकीत मतदार म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे, खासदार आणि आमदार. म्हणजे उमेदवार पाच, सह्या दहा, मतं शून्य. ज्यांनी लेखी कळवलं की हा गृहस्थ राष्ट्रपती व्हावा, त्यांनीही पेटीपाशी गेल्यावर दुसऱ्यालाच पसंती दिली.

या सहीबहाद्दरांना फार हसू नका. खुद्द पंतप्रधानांनीही तेव्हा एका अर्जावर सही केली होती. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, त्यांच्या सूचक इंदिरा गांधी. आणि मतदानाच्या तोंडावर याच सूचकबाईंनी आपल्या खासदार-आमदारांना सांगितलं, अंतरात्म्याचा आवाज ऐका. आवाज कुठून येतोय ते सगळ्यांना कळत होतं. बाईंनी स्वतः कुणाला मत दिलं ते त्या पेटीला ठाऊक.

त्या उन्हाळ्यात झाकिर हुसेन राष्ट्रपतिपदावर असतानाच वारले. जुलैत बंगळुरात पक्षाच्या संसदीय मंडळाने रेड्डींचं नाव ठरवलं. सिंडिकेटवाले, म्हणजे पक्षातले जुने पुढारी, खूश, बाई नाखूश. आपले यशवंतराव चव्हाण तिथे रेड्डींच्या बाजूने उभे राहिले आणि पुढे पक्ष फुटला तेव्हा बाईंच्या बाजूला. (कुंपणावर बसण्याची कला महाराष्ट्राने देशाला दिली असं काही जण म्हणतात. आम्ही म्हणत नाही.) मग बाईंचा सपाटा सुरू झाला. मोरारजी देसाईंचं अर्थखातं काढून घेतलं, १९ जुलैला चौदा बँका सरकारच्या केल्या. दुसऱ्याच दिवशी प्रभारी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात उतरले. डावे, द्रमुक, अकाली त्यांच्या मागे गेले.

आणि तिसरे उमेदवार? ते आपले सी. डी. देशमुख. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी त्यांना उभं केलं होतं. रायगड जिल्ह्यातले चिंतामणराव, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री, मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याच्या बेताविरुद्ध १९५६मध्ये मंत्रिपद भिरकावून बाहेर पडलेले. बाईंच्या गोटातून ओरड झाली की हा प्रतिगाम्यांचा, भांडवलदारांचा माणूस. या माणसाने अर्थमंत्री असताना काय केलं होतं? इंपीरियल बँकेची स्टेट बँक केली आणि आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेतला. म्हणजे खुल्या व्यापाराच्या नावाने गळा काढणाऱ्या स्वतंत्र पक्षाला उमेदवार मिळाला तो राष्ट्रीयीकरण करून हात बसलेला! पक्षाने देशमुखांचं पूर्वचरित्र वाचलं नव्हतं की वाचून डोळे मिटले होते, कोण जाणे. विरोधी पक्षांना उमेदवार निवडताना एवढंच बघायचं असतं की तो निवडून येणार नाही आणि नाव मात्र भारदस्त दिसेल.

तिसऱ्या उमेदवाराचा खरा उपयोग दुसरीकडेच होता. राष्ट्रपतिपदाच्या मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहायचा असतो. तुमचा पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला की तुमचं मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी हिशेब केला की घरची मतं फुटणार, तेव्हा शेजाऱ्यांची दुसरी पसंती मागून ठेवावी. ते जनसंघ आणि स्वतंत्रच्या नेत्यांना भेटले. झालं! बाईंना हवं होतं ते ताटात आलं. समाजवादी काँग्रेसचा उमेदवार जनसंघाच्या कृपेवर? असल्या उमेदवारासाठी व्हिप काढणार नाही, म्हणाल्या. जगजीवन राम आणि फक्रुद्दीन अली अहमद यांनी मुक्त मतदानाची मागणी केलेलीच होती.

१६ ऑगस्टला मतदान झालं, २० ऑगस्टला मोजणी. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. जिंकायला हवी होती ४,१८,१६९. कुणालाच मिळाली नाहीत. मग खालून एकेक उमेदवार बाद होत गेला, शेवटी देशमुखही, आणि त्यांची मतं पुढे वाटली गेली. अखेरचा आकडा गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

आता वजाबाकी करा. बाद झालेल्यांच्या मतांतून रेड्डींच्या पदरात पडली ९१,८७९ आणि गिरींच्या १८,५६२. पाचास एक. ज्या शेजाऱ्यांकडे मतं मागायला गेल्याबद्दल रेड्डी आणि निजलिंगप्पा बदनाम झाले, त्या शेजाऱ्यांनी मतांची पोती इमानेइतबारे पोचवली. कमी पडली ती घरची. परक्यांनी शब्द पाळला, घरच्यांनी अंतरात्मा पाळला. तिसऱ्या उमेदवाराने मतं खाल्ली असं म्हणायची आपल्याकडे रीत आहे. इथे उलट झालं. तिसऱ्याने खाल्लेली बहुतेक मतं परत दिली, पण ती मागितली म्हणूनच घरची पहिल्या पसंतीची मतं गेली. निजलिंगप्पांचा हिशेब गणितात बरोबर होता, चुकला तो माणसांत.

नोव्हेंबरात बाईंना पक्षातून काढलं आणि पक्षच दुभंगला. गिरींच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये रेड्डींची बदनामी करणारं पत्रक वाटलं गेल्याचा तो खटला. पदावरचे राष्ट्रपती साक्ष द्यायला हजर झाले. याचिका फेटाळली गेली. रेड्डींचं नशीब मात्र नंतर उघडलं. १९७७मध्ये ३७ अर्ज आले, ३६ बाद झाले, रेड्डी बिनविरोध. त्या वर्षी अंतरात्म्यांना सुट्टी. आणि १४ जानेवारी १९८०ला पंतप्रधानपदाची शपथ घेताना इंदिरा गांधींपुढे राष्ट्रपती म्हणून उभे होते हेच रेड्डी. त्या वेळी कुणाच्या मनात काय आलं असेल, याची नोंद राष्ट्रपती भवनात ठेवत नाहीत.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची खासियत समजून घ्यायला हवी. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५मध्ये आला, पण तो इथे लागू होत नाही. पक्ष व्हिप काढू शकत नाही, मतदान गुप्त, फुटलात तरी आमदारकी शाबूत. एरवी साध्या विधेयकावर बोट चुकीच्या बटणावर पडलं तरी नोटीस येणाऱ्या लोकप्रतिनिधीला पाच वर्षांतून एकदा मिळणारी ही मोकळीक. अंतरात्मा जागा होतो तो अशाच दिवशी. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या प्रतिनिधीला मतपत्रिका दाखवावी लागते. तिथे तो गाढ झोपलेला असतो.

आता आपल्या घरचा नमुना. शिवसेना आणि भाजप यांची युती तेव्हा अगदी घट्ट. १९९७मध्ये भाजपने के. आर. नारायणन यांना पाठिंबा दिला, तर सेनेने टी. एन. शेषन यांना. शेषन यांची अनामत जप्त झाली. २००७मध्ये भाजप भैरोसिंह शेखावतांच्या मागे, सेना काँग्रेसच्या प्रतिभाताई पाटलांच्या मागे, कारण मराठी माणूस राष्ट्रपती होत होता. ठीक. २०१२मध्ये भाजप पी. ए. संगमांबरोबर, सेना प्रणव मुखर्जींबरोबर. ते मराठी होते असा दावा तेव्हा कुणी केल्याचं आठवत नाही. प्रणवदा मातोश्रीवर भेटीला आले होते, एवढं पुरलं. (राष्ट्रवादीतून बाहेर पडून लढणारे संगमा, आणि राष्ट्रवादी प्रणवदांबरोबर. तीही एक उलटी फूट.) मग २०२२ आलं. सेना भाजपशी उभा दावा मांडून बसलेली, जूनमध्ये चाळीसेक आमदार गेलेले, सरकार पडलेलं. आणि जुलैत उद्धव ठाकरे यांनी पाठिंबा जाहीर केला तो भाजपच्या द्रौपदी मुर्मू यांना. महाविकास आघाडीतले काँग्रेस आणि राष्ट्रवादी यशवंत सिन्हांकडे बघत राहिले. आदिवासी महिला राष्ट्रपती होणं योग्यच, त्याबद्दल वाद नाही. पण बाकीचा क्रम मांडून बघा. मैत्री होती तेव्हा मित्राच्या उमेदवाराला तीनदा पाठ, आणि शत्रुत्व आलं तेव्हा शत्रूच्या उमेदवाराला मत. २००२ आणि २०१७ला सेना युतीबरोबरच होती, हेही सांगायला हवं, नाहीतर आमच्यावर पक्षपाताचा आळ यायचा.

एक मात्र झालं. तिसरा उमेदवार नावाचा प्राणी संपला. १९७४मध्ये सूचक दहा आणि अनुमोदक दहा केले, १९९७मध्ये पन्नास आणि पन्नास. हौशी मंडळी बाहेर गेली हे चांगलंच. पण देशमुखांसारख्याचीही वाट अरुंद झाली. आता रिंगणात दोनच नावं उरतात. मग ज्याला दोघेही नको असतील, किंवा एकाला शब्द दिलाय आणि दुसऱ्याचं दडपण आहे, अशा सदस्याने काय करावं?

त्यावरही आपल्या प्रतिनिधींनी उपाय काढला आहे. २०१२मध्ये मुलायमसिंह यादवांनी संगमांपुढे खूण केली, चूक लक्षात येताच मतपत्रिका फाडली, दुसरी मागून घेतली. निवडणूक आयोगाने ते मत बाद ठरवलं. २०१७पासून आयोग जांभळ्या शाईचं खास पेनही हातात देतो, कारण आदल्या वर्षी हरियाणात राज्यसभेच्या वेळी वेगळ्याच पेनामुळे डझनभर मतं बाद होऊन निकाल फिरला होता. करायचं एवढंच, नावापुढे एकचा आकडा काढायचा. मराठीत काढा, इंग्रजीत काढा, रोमन काढा. २०२२मध्ये देशभरात ५३ मतं बाद झाली, त्यात खासदारांची १५. सप्टेंबर २०२५मध्ये उपराष्ट्रपतिपदाची निवडणूक झाली. विरोधकांनी सांगितलं, आमचे ३१५ हजर होते. त्यांच्या उमेदवाराला मिळाली ३००. सी. पी. राधाकृष्णन यांना ४५२. आणि बाद मतं? पुन्हा १५. कायदे करायला पाठवलेल्या माणसांना एकचा आकडा काढता येत नाही यावर आमचा विश्वास बसत नाही. जांभळं पेन हातात धरून मधल्या जागेत कुठे थरथरायचं, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.