दुसरा डोस कधी दिला?

लसीकरणाची टक्केवारी जाहीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: लस दिली, पण कितव्या महिन्यात? जर्मनीला याचं उत्तर डॉक्टरांच्या बिलांनी दिलं.

तिथे दहातले जवळपास नऊ जण सार्वजनिक आरोग्य विम्यात आहेत. डॉक्टर लस टोचतात आणि पैशांसाठी कोड भरतात. गोवर-गालगुंड-रुबेलाचा कोड ८९३०१. पुढे 'ए' असेल तर सुरुवातीचा डोस, 'बी' असेल तर शेवटचा. हा हिशेब डॉक्टरांच्या प्रादेशिक संघटनांकडे जातो आणि तिथून, रुग्णाचं नाव वगळून, बर्लिनच्या रॉबर्ट कॉख संस्थेकडे. आता तसा कायदाच आहे. आणि बिल म्हटलं की तारीख आलीच.

एरवी तिथली भिस्त शाळाप्रवेशाच्या तपासणीवर. पाच-सहा वर्षांचं मूल पिवळी लसपुस्तिका घेऊन येतं, नोंदी तपासल्या जातात. त्या मोजणीत दुसऱ्या डोसचा आकडा नव्वदीपार. ऐकायला बरं वाटतं. बिलांवरून दोन वर्षांच्या मुलांचा हिशेब मांडला, तेव्हा चारातलं साधारण एक मूल दुसऱ्या डोसविना निघालं.

गोवर काही शाळेत नाव घालेपर्यंत थांबत नाही. बर्लिनमध्ये २०१४-१५ च्या साथीत हजारावर लोक आजारी पडले, दीड वर्षाचा एक मुलगा दगावला. त्याला गोवरची लस दिलेलीच नव्हती. एवढ्या लहान मुलाची शाळेच्या दारात मोजणी कशी होणार?

बिलांतूनही माणसं निसटतात, हे खरं. खाजगी विमेदार त्यात नाहीत, सरकारी आरोग्य कार्यालयात टोचून घेतलेले नाहीत. पुण्यात पहिला डोस घेऊन आईबाबांबरोबर म्युनिकला गेलेल्या पोराचा तो डोसही त्यात नाही. म्हणून शाळेतली तपासणीही हवीच. पण उशीर दिसतो तो बिलातच.

आपल्याकडे हा मार्ग नाही. महात्मा फुले योजना रुग्णालयातल्या उपचारांची, आणि सरकारी लस फुकट, म्हणजे बिलच नाही. फुकट आहे हे उत्तमच. शिवाय तारीखही लिहिली जाते: एएनएमताईंच्या रजिस्टरमध्ये, आईजवळच्या कार्डावर, खाजगी बालरोगतज्ज्ञाच्या फाइलमध्ये. बैठकीत चर्चा मात्र टक्क्यांचीच. मग २०२२ मध्ये गोवंडीत गोवर पसरल्यावर घरोघरी फिरून राहिलेली मुलं शोधावी लागली.

आपल्या वेळापत्रकात दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत. अठराव्या महिन्यातही मूल आलं नाही, तर तेव्हाच कुणीतरी त्याच्या दारात उभं राहायला हवं. ते काम ताईंचंच. त्यांच्या माथ्यावरची इतर कामं आधी उतरवा.