पुढे चाल

देवळाली म्हटले की परगावच्या गृहस्थाला तोफा आठवतात. तोफखान्याची देवळाली ती नाशिकजवळची, आमची देवळाली प्रवरा ती राहुरी तालुक्यातली, उसाची आणि कालव्याची, आणि येथे काही धडाडत असेल तर ते फार तर नगरपरिषदेच्या सभेत, हे त्यास समजावून सांगण्यात आमच्या आयुष्याचा बराच भाग खर्ची पडला आहे. त्यातच अलीकडे आणखी एका व्यासंगाची भर पडली. आमचे एक स्नेही पंचक्रोशीतील एका विद्यालयात क्रीडाशिक्षक आहेत, म्हणजे मतदार याद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचा तांदूळ आणि रजेवर गेलेल्या सहकाऱ्याचा भूगोल यांतून जो वेळ उरेल त्या वेळात क्रीडाशिक्षक आहेत. त्यांनी काही वर्षांमागे मुलींचा सॉफ्टबॉल संघ उभा केला आणि तेव्हापासून त्यांच्या ओट्यावर सायंकाळी टेकणाऱ्या आम्हां सर्व निरुपद्रवी मंडळींना मानांकन नामक गूढ शास्त्राचे अध्ययन सक्तीने करावे लागत आहे.

या खेळाच्या नावातील 'सॉफ्ट' या शब्दावर विश्वास ठेवून ज्याने चेंडू उघड्या तळहाताने अडविला, त्याचा शब्दप्रामाण्यावरील विश्वास कायमचा उडाला असे समजावे. 12 इंच घेराचा तो पिवळाधमक गोळा मुळीच मऊ नसतो. संघात नऊ मुली, हातमोजे पाच, त्यांतला एक डावखुऱ्या खेळाडूसाठी आणि डावखुरी मुलगी संघात एकही नाही. बेस म्हणून वाळू भरलेल्या युरियाच्या गोण्या. आणि एक बॅट, जिच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. एवढ्या सामग्रीवर ज्या मुली पहाटे आईबरोबर गवत कापून मग मैदानावर येतात, त्यांनी दोन वर्षांत असा काही हात बसविला की आम्हांसारख्या विटीदांडूपुरतेच ज्ञान असलेल्या प्रेक्षकांच्याही तोंडून वाहवा निघावी.

हा खेळ 1887 साली शिकागोतील फॅरागट बोट क्लबात जन्मास आला. येल आणि हार्वर्ड या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल सामन्याच्या तारेची वाट पाहत बसलेल्या मंडळींपैकी एकाने, निकाल कळताच, आनंदाच्या भरात मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याच्या अंगावर भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने टोलविला आणि जॉर्ज हँकॉक या गृहस्थांनी त्या खोडीचा खेळ केला. ज्या खेळाचा जन्मच दुसऱ्यांच्या सामन्याचा निकाल ऐकत बसलेल्यांच्या दिवाणखान्यात झाला, त्या खेळातील स्पर्धकांचा बराचसा काळ कागदावरील निकालाची वाट पाहण्यात जावा, हे वंशपरंपरेस धरूनच नव्हे काय?

तो कागद म्हणजे भाग्यपत्रिका. इंग्रजीत ज्याला ड्रॉ म्हणतात, त्याला भाग्यपत्रिका हे नाव ज्या कोणा पुण्यपुरुषाने दिले, त्याला खेळाचे आणि संसाराचे दोन्हीचे मर्म ठाऊक असले पाहिजे. संघ अकरा आले तर ते सोळा घरांच्या कोष्टकात बसवावे लागतात, कारण बाद पद्धतीला दोन, चार, आठ, सोळा एवढेच आकडे मानवतात. आणि रिकाम्या राहिलेल्या पाच घरांपोटी पाच संघांना न खेळताच दुसऱ्या फेरीत पाठविले जाते. या पाठवणीस आपल्याकडे 'पुढे चाल' म्हणतात. आता हे पाच भाग्यवंत कोणते, याचाही शिरस्ता ठरलेला आहे: पहिली पुढे चाल खालच्या अर्ध्या भागातील अगदी शेवटच्या संघाला, दुसरी वरच्या भागातील पहिल्याला, तिसरी खालच्या भागातील पहिल्याला, चौथी वरच्या भागातील शेवटच्याला, आणि पाचवी पुन्हा खालच्या भागातील शेवटून दुसऱ्याला. म्हणजे अकरांपैकी 1, 6, 7, 10 आणि 11 या क्रमांकांवर जे बसले ते सावलीत बसले. उरलेल्या सहांनी उन्हात परस्परांशी झुंजून त्यांच्यासाठी दमलेला प्रतिस्पर्धी तयार करावा, अशी ही कल्याणकारी योजना आहे.

आमच्या मुली एका वर्षी 3 क्रमांकावर होत्या. त्यांनी सकाळी 2 क्रमांकाच्या संघाला हरविले आणि घोटभर पाणी पिऊन होते न होते तोच त्यांची गाठ 1 क्रमांकाशी पडली, ज्याची मंडळी तोवर तंबूच्या छायेत केळी खात बसली होती. उपांत्य फेरी गाठण्यासाठी आम्हांला दोन विजय आवश्यक, त्यांना एक. स्पर्धा एका दिवसात आटोपायची म्हणून सात डावांचा सामना तीन डावांवर आणलेला. एका धावेने हरलो. आमचे स्नेही परतीच्या एसटीत एक अक्षर बोलले नाहीत; नगर-मनमाड रस्त्याचे खड्डेच काय ते बोलत होते.

आम्ही भोळेपणाने विचारले की, 1 क्रमांक त्यांनाच का? उत्तर मिळाले की, ते गतविजेते, म्हणून मानांकनाने ती जागा त्यांची. आम्ही पुन्हा विचारले की, सतरा वर्षांखालील गटात ज्या मुलींनी गेल्या वर्षी विजय मिळविला, त्या यंदा वयाने पुढे सरकून कनिष्ठ महाविद्यालयात गेल्या असतील. यंदाच्या संघातील किती जणींनी त्या विजयात भाग घेतला होता? उत्तर आले की, एकीने, आणि तीही राखीव होती. तेव्हा कोठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. मानांकन म्हणजे वतन! पाटीलकीची वतने महाराष्ट्र सरकारने 1962 च्या कायद्याने खालसा केली अशी आमची समजूत होती. परंतु ती खालसा झाली नसून क्रीडांगणावर वर्ग झाली आहेत. मूळ पराक्रमी पुरुष केव्हाच दिवंगत व्हावा, आणि त्याच्या तलवारीस गंज चढला तरी सनद मात्र नातवाच्या पेटीत शाबूत असावी, तद्वत् मुली येतात आणि जातात, विद्यालयाचा 1 क्रमांक तेवढा निरंतर चालू राहतो. आम्ही या व्यवस्थेचे निंदक नाही. किंबहुना एका मुलीच्या पराक्रमाचे फळ तिने कधी तोंडही न पाहिलेल्या दुसरीस मिळावे, यात एक प्रकारचा निष्काम कर्मयोगच साठविलेला आहे.

प्रादेशिक न्यायाचाही येथे सूक्ष्म विचार झालेला दिसतो. क्षेत्रफळाने आमचा जिल्हा महाराष्ट्रात सर्वांत मोठा, तालुके चौदा. आणि जिल्हा म्हणून विभागीय स्पर्धेला जाणारा संघ एक. महानगरपालिका क्षेत्राचा संघ स्वतंत्र, तोही एक. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत चौदा तालुक्यांच्या मुलींनी एका जागेसाठी आपसांत रक्त आटवावे, आणि एका शहराच्या हद्दीतील शाळांनी तशीच एक जागा वेगळी घ्यावी. वजनाच्या काट्यावर ही दोन्ही पारडी समान ठरतात, कारण दोन्हींकडे एक-एकच वजन आहे. पुढचा प्रवास आणखी रम्य. महसुलासाठी आम्ही नाशिक विभागात आहोत. आमचा सातबारा, आमची दुष्काळाची आणेवारी, आमच्या तक्रारी सर्व तिकडे रुजू होतात. शालेय खेळांसाठी मात्र आम्ही पुणे विभागात मोडतो. म्हणजे ऊस जळाला तर मुलीच्या बापाने नाशिककडे तोंड करावे आणि मुलगी जिंकली तर तिने पुण्याकडे. पुणे विभागात पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही शहरे आपापल्या गवताळ मैदानांसह आमच्या युरियाच्या गोण्यांची प्रतीक्षा करीत असतात. तेथून निभावले तर राज्यस्तर, आणि राज्यात क्रीडा विभाग आठ. आठ हा आकडा कोष्टकात काटेकोर बसतो, तेथे रिकामे घर नाही आणि म्हणून पुढे चालही नाही. दैव ज्या ठिकाणी निरुपाय होऊन स्वस्थ बसते असे ते एकमेव स्थान. म्हणूनच बहुधा तेथवर पोहोचणे इतके दुष्कर असावे.

आमचे स्नेही जात्या संशोधक. परदेशी या प्रश्नाची काय वासलात लावली आहे, हे त्यांनी हुडकून काढले. अमेरिकेतील इंडियाना संस्थानात (संयुक्त संस्थानांतील घटकाला संस्थान म्हणण्याची आमच्या पिढीची खोड आहे) शाळांच्या अंतिम स्पर्धेस सर्वांनाच प्रवेश, आणि जोड्या कित्येक वर्षे निव्वळ चिठ्ठ्या टाकून पडत आल्या. म्हणजे दोन बलाढ्य संघ पहिल्याच दिवशी एकमेकांना भिडून त्यांतला एक घरी जावा आणि दोन दुबळ्यांपैकी एकाने दुसरी फेरी पाहावी, हे तेथे शांतपणे सोसले जात आले. शेजारच्या ओहायोत प्रशिक्षकच परस्परांच्या संघांना मते देत आले आणि ज्याला वरचा क्रमांक मिळाला त्याने कोष्टकातील आपली जागा आधी निवडायची, जसे लग्नाच्या पंगतीत व्याह्यांनी आधी पाट निवडावा. हे ऐकताच ओट्यावरील सर्वांच्या मुद्रा उजळल्या, कारण मतदानातून गुणवत्ता ठरविण्याच्या विद्येत आमच्या सहकारी पट्ट्याचा हात धरील असा प्रांत पृथ्वीवर नसेल. परंतु सर्वांत मनोज्ञ रीत गणिताची. त्या रीतीच्या मूळ सूत्रात संघाच्या स्वतःच्या विजयांना पाव हिस्सा, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना अर्धा आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेला पाव हिस्सा. तात्पर्य, तुम्ही काय केलेत यापेक्षा तुमची ऊठबस कोणाशी आहे याला दुप्पट मोल. आम्ही म्हटले, अहो, हे सूत्र अमेरिकेने शोधले असे कोण म्हणतो? आमच्याकडे स्थळे याच सूत्राने पाहतात.

याच्या तुलनेत आमचे पाटबंधारे खाते किती मागासलेले! भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, तेव्हापासून प्रवरेच्या कालव्यांवर पाणी आधी कोणी घ्यावे या प्रश्नाने भावाभावांच्या डोक्यांत खोरी घातली आहेत. आणि खात्याने त्यावर शेजपाळीचा असा काही विचित्र नियम करून ठेवला की, चारीच्या टोकाला जो टेलचा शेतकरी, ज्याच्यापर्यंत पाणी पोहोचण्याची शाश्वती सर्वांत कमी, त्याचा वाफा आधी भिजवावा आणि मग क्रमाने वर हेडकडे यावे. कागदावर का होईना, दुबळ्याचा क्रमांक पहिला! क्रीडाशास्त्राच्या प्रकाशात हा नियम सत्वर दुरुस्त झाला पाहिजे. गेल्या आवर्तनात ज्याचे शेत पूर्ण भिजले, त्यास यंदा अग्रमानांकन द्यावे, कारण भिजण्याचा पूर्वानुभव त्याच्यापाशी आहे. चारीच्या दोन्ही अंगांच्या निवडक खातेदारांना पुढे चाल देऊन त्यांचे पाणी अर्ज न करताच सोडावे. आणि उरलेल्यांनी नमुना नंबर 7 भरून बाद पद्धतीने परस्परांशी लढावे. टेलवाला उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलाच, तर त्यास सहभागाचे प्रमाणपत्र द्यावे. ते ओले नसते, ही एक अडचण आहे.

प्रमाणपत्राची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. हा सगळा कलह चेंडूसाठी आहे असे ज्यास वाटते, त्याने पालकांच्या घोळक्यात पाच मिनिटे उभे राहावे. दहावी-बारावीच्या निकालात खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, स्पर्धेची पायरी जितकी वरची तितके अधिक. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के जागा राखीव आहेत. तेव्हा भाग्यपत्रिकेतील एका घराचे अंतर हे कोणाच्या तरी घरात पोलीस शिपायाची वर्दी येण्या-न येण्याचे अंतर असू शकते. ज्या बापाने जन्मात बॅट धरलेली नाही, तो कोष्टकाकडे पाहून बोटांवर हिशेब करतो, आणि तो हिशेब क्रीडाशिक्षकाच्या हिशेबाहून अचूक असतो. आम्ही त्यास हसत नाही. कोरडवाहू माणसाने ढगाकडे पाहू नये, असे सांगण्याचा अधिकार बागायतदारांना नाही.

तर या खेपेचे वर्तमान. मुलींचा जुना संघ दहावी होऊन पांगला, नव्या मुलींचा हात अजून बसलेला नव्हता. स्नेही जाताना म्हणाले, हरायलाच चाललो आहोत, पण नवा चेंडू वर्गणी काढून घेतला आहे, निदान नव्या चेंडूने हरू. चिठ्ठ्या निघाल्या आणि आमचा संघ कोष्टकाच्या तळाशी, 11 क्रमांकावर आला. पहिली फेरी, पुढे चाल. दुसऱ्या फेरीतील प्रतिस्पर्ध्यांची प्रवेशिका होती, संघ आला नव्हता. पंचांनी पंधरा मिनिटे घड्याळ पाहिले आणि पुन्हा पुढे चाल. भाकऱ्या बांधून पहाटे निघालेल्या त्या मुली गणवेश चढवून, केसांच्या वेण्या घट्ट आवळून, बाकावर ओळीने बसल्या होत्या. त्यांची पिचर, जिचा उजवा खांदा सकाळपासून फिरून फिरून गरम झाला होता, स्नेह्यांना म्हणाली, "सर, मंग आज खेळायचंच न्हाई का?" स्नेही म्हणाले, "अगं, आपण उपांत्य फेरीत आलो." ती म्हणाली, "आलो कुठं सर, बसलोय की."

इतर मैदानांवरील सामने लांबले, उपांत्य सामन्याची वेळ आली तेव्हा दिवेलागण झालेली. अंधारात चेंडू दिसत नाही आणि बस ठरलेल्या वेळी सुटते, सबब दोन्ही संघांच्या संमतीने निर्णय नाणेफेकीवर सोपविण्यात आला. आम्ही छापा म्हटले, काटा पडला. तिसऱ्या जागेचा सामना खेळविण्यास उजेड नव्हता, म्हणून दोन्ही पराभूतांना तृतीय क्रमांक विभागून देण्यात आला. अशा रीतीने त्या संघाने, ज्याने दिवसभरात एकही चेंडू फेकला नाही, टोलविला नाही वा झेलला नाही, विद्यालयाच्या इतिहासातील सर्वोच्च यश संपादन केले.

गावात उतरलो तो स्टँडवर हार तयार. एका बापाने पेढ्यांचा पुडा स्नेह्यांच्या हातात कोंबला आणि सद्गदित होऊन म्हणाला, "मागच्या पोरी नुसत्याच पळायच्या सर, यंदाच्यांनी नाव काढलं." मुख्याध्यापकांनी फळ्यावर अभिनंदनाचा मजकूर स्वहस्ताक्षरात लिहिला, आणि पुढील वर्षी संघास मानांकन मिळावे असा अर्ज त्याच दिवशी रवाना झाला.

दुसऱ्या दिवशी स्नेही साहित्य परत करावयास कार्यालयात गेले, तेव्हा आम्ही सोबत होतो. कारकुनाने जडसंग्रह नोंदवही उघडली, चेंडू हातात घेऊन फिरवून पाहिला, लाल टाक्यांवर धुळीचा कणही नव्हता, आणि लिहिले: सॉफ्टबॉल, नग 1, स्थिती नवीन, शिल्लक.