पाच वाजताची दिवेलागण

अंदमानात डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमाराला मावळतो. टूरच्या रंगीत पत्रकात हे कुठेही छापलेलं नसतं. तिथे निळं पाणी असतं, पांढरी वाळू असते, नारळाला टेकून उभं असलेलं एक जोडपं असतं आणि खाली बारीक अक्षरात 'अटी लागू'. त्यामुळे वामकुक्षी उरकून, चहा घेऊन, "चला, आता जरा समुद्रावर जाऊ" म्हणत आमचा जथा हॉटेलाबाहेर पडला तेव्हा समोर मिट्ट काळोख होता. समुद्र नुसता ऐकू येत होता. घड्याळात पावणेसहा. आमच्यातल्या एका काकूंनी सवयीने हात जोडून 'शुभं करोति' सुरू केलं, आणि अर्ध्यावर थांबून विचारलं, "अहो, पण कुकर तर अजून लावायचाय ना?" त्यांचा कुकर पुण्याला होता. संध्याकाळ मात्र इथे येऊन पोचली होती.

यात अंदमानचा दोष नाही. आपल्या देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर, मिर्झापूरच्या आसपास टांगलेलं आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. पुणे त्या रेषेच्या पश्चिमेला साडेआठ अंशांवर, पोर्ट ब्लेअर पूर्वेला दहा अंशांवर. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दोन्ही गावांत सव्वा तासाचा फरक, आणि सरकारच्या हिशेबाने शून्य. पोर्ट ब्लेअरहून चेन्नई जितकी लांब आहे त्याच्या निम्म्या अंतरावर यांगून आहे, तरी वेळ मिर्झापूरची.

मुंबईने एकेकाळी या प्रकाराला चांगलाच हिसका दाखवला होता. 1906 साली ही प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईत 39 मिनिटं मागे असलेली 'मुंबई टाइम' 1955पर्यंत नांदत होती. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं "वाजले किती?" या प्रश्नाला "कोणाचे?" असं विचारायची सोय होती. हा बाणा आता उरला नाही. आता आपण फोनकडे बघतो आणि तो सांगेल ते ऐकतो.

ग्रुप टूरने फिरलेल्या मराठी माणसाला आणखी एक प्रमाणवेळ ठाऊक असते, ती टूर मॅनेजरची. रात्री जेवताना तो उभा राहतो आणि जाहीर करतो, "उद्या पाच-सहा-सात!" पाचला उठणे, सहाला नाश्ता, सातला गाडीत. कुलू-मनालीला याच आकड्यांवरून लोकांनी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलेलं असतं. अंदमानात मात्र सूर्यच त्याला सामील. पाच वाजून गेले की पडद्याच्या फटीतून उजेड आत शिरतो, आणि सहाला उपमा खाताना तर आपण फार उशिरा उठलो असं वाटायला लागतं.

बोटीने हॅवलॉकला, म्हणजे 2018पासूनच्या स्वराज द्वीपला गेलो. जेट्टीवर रिक्षावाल्याने विचारलं, "मेनलँड से आये हो?" आधार कार्ड दाखवून, विमानाने आपल्याच देशात फिरत असताना आपण 'मेनलँड'वाले ठरतो, हे ऐकून आमच्यातले मुंबईकर जरा दुखावले. मुंबईला कोणी मुख्य न म्हणता नुसतं 'तिकडचं' म्हणावं, ही त्यांना नवीन गोष्ट होती. तिथले किनारे नावाइतकेच नंबरानेही ओळखले जातात. जगभर ज्याचे फोटो फिरतात तो राधानगर म्हणजे सात नंबर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना सरकारने या बेटांवर जमिनी दिल्या. त्यांनी जंगल तोडून भात लावला, वस्त्या वसवल्या. म्हणून इथे राधानगर आहे, गोविंदनगर आहे, आणि शेजारच्या नीलवर, म्हणजे शहीद द्वीपवर, भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर, रामनगर असं अर्धं रामायण किनाऱ्याकिनाऱ्याने मांडलेलं आहे. लक्ष्मणपूरला समुद्राने खडक कोरून एक नैसर्गिक कमान केली आहे. तिला हे लोक हावडा ब्रिज म्हणतात. घर सुटलं की माणूस काय काय बरोबर आणतो! आम्ही भडंग आणली होती.

ही कमान बघायची तर ओहोटी हवी. स्थानिक गाइड म्हणाला, साडेआठला पोचा. पण आमच्यात अलिबागचे एक काका होते, आणि समुद्राच्या बाबतीत अलिबागच्या माणसाला गाइड लागत नाही. आपल्या कोकणात भरतीचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर साडेचार वाजता भरती, त्याच्या सहा तास इकडेतिकडे ओहोटी. काकांनी कालनिर्णयच्या आठवणीवर बोटं मोजली आणि "साडेदहाला ओहोटी, सावकाश चला," असा निर्वाळा दिला. साडेदहाला आम्ही गेलो तेव्हा पाणी परत चढायला लागलं होतं आणि सकाळी आलेले लोक पँटी दुमडून परतत होते. खरं तर प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ वेगळी असते. पाऊणपटीचं गणित कोकणच्या किनाऱ्याचं, ते अंदमानच्या समुद्राने कधी पाठ केलेलं नाही. काका गुडघाभर पाण्यात उभे राहून बराच वेळ समुद्राकडे बघत होते. मग म्हणाले, "हा समुद्र सरकारी आहे."

सेल्युलर जेलमध्ये मात्र सगळे गप्प होते. हे बांधकाम पुरं झालं तेही 1906 सालीच, प्रमाणवेळेच्याच वर्षी. सात इमारती, मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या, आणि प्रत्येकीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कोठडीतल्या माणसाला दुसरा माणूस दिसूच नये. आता तीनच इमारती उरल्या आहेत. आवारात सरकारी रुग्णालय आहे आणि ते चालू आहे, ही मला त्या जागेची सर्वांत चांगली गोष्ट वाटली. सावरकरांच्या कोठडीशी मराठी बोलणारी रांग होती. 1911 ते 1921 असा तो काळ. बरेच जण उंबऱ्याबाहेर चपला काढत होते. खिडकी इतकी वर आहे की तिच्यातून ना समुद्र दिसत, ना सूर्य कुठे आला ते कळत. आपल्याला संध्याकाळ जरा लवकर आली म्हणून आपण केवढी चर्चा केली, हे तिथे कोणी बोलून दाखवलं नाही.

शेवटच्या रात्री, म्हणजे सहा वाजता, हॉटेलच्या जेवणघरात वाढायला असलेला बंगाली पोऱ्या आमच्या टेबलाशी रेंगाळला. त्याने मेनलँड पाहिलेलं नव्हतं. "तुमच्याकडे उन्हाळ्यात सातलाही उजेड असतो म्हणे?" त्याने हिंदीत विचारलं. असतो म्हणालो. तो विचारात पडला. अंधार पडला की जेवायचं, हा त्याच्या घरचा नियम. "मग तुम्ही लोक जेवता केव्हा?"

कुकरवाल्या काकूंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "सीरियल के बाद."