निळ्या पूररेषेस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती निळी पूररेषा,
मुक्काम पोस्ट नकाशा, पुणे.

स. न. वि. वि.

बंडगार्डनजवळ नदीकाठी नवी फरसबंद वाट झाली आहे, तिथे परवा सकाळी चालायला गेलो होतो. तुमचीही गाठ पडेल असं वाटलं होतं, पण पडली नाही. एका गृहस्थांना विचारलं, "इथून निळी रेषा कुठून जाते हो?" ते म्हणाले, "निळी नाही आपल्याकडे. जांभळी आणि ॲक्वा. मेट्रोची चौकशी स्टेशनात करा." मी नाद सोडला.

वाट झकास आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुणेकरांना काहीच आवडत नाही असं म्हणतात, आणि ते खरं असल्यामुळे जास्त लागतं. दगडी उतार, पायऱ्या, बसायला जागा, मागून अंगावर येणारी दुचाकी नाही. सायकलवाल्यांना घंटी वाजवण्याचं सुख आहे, कारण पुढे चार निवृत्त मित्र हात मागे बांधून, अख्खी रुंदी व्यापून, १९८३चा विश्वचषक पुन्हा जिंकत असतात. शेजारी दीडशे वर्षांहून जुना फिट्झगेराल्ड पूल. वारा आपल्या बाजूचा असला आणि नाकाने फार चौकशा केल्या नाहीत, तर अर्धा तास छान जातो.

नाकाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. शहराचा मैला नदीत जाण्याआधी स्वच्छ व्हावा म्हणून जपानच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रं मंजूर झाली, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेची. त्यांचं काम रेंगाळत राहिलं आणि काठ मात्र सजला. पाहुणे यायचे म्हणून मोरी तुंबलेली ठेवून दाराला तोरण बांधावं, तसं. जलपर्णीने मात्र भेदभाव केला नाही. सुशोभित आणि अशोभित अशा दोन्ही तुकड्यांत ती सारख्याच जोमाने वाढते.

आपल्यापुढे आदर्श ठेवला आहे तो अहमदाबादचा. साबरमतीच्या फोटोंत काठोकाठ पाणी दिसतं, ते नर्मदेच्या कालव्यातून आणलेलं आणि वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. आपली मुठा खडकवासल्यात अडते, नळाने आपल्या घरी येते आणि मोरीवाटे परत पात्रात जाते. पावसाळ्यात मात्र ती नळाची वाट न धरता थेट येते. तेव्हा शहराला अचानक तुमची आठवण होते, बाई.

एरवी तुमच्याकडे कोण बघतो? कागदोपत्री तुमचा दरारा मोठा. २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तुम्ही हद्द, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची तुमची लाल बहीण. नदीपासून तुमच्यापर्यंत निषिद्ध क्षेत्र, तुमच्यापासून लालबाईंपर्यंत नियंत्रित. मुठेपुरतं सांगायचं तर खडकवासल्यातून ६० हजार क्युसेक सुटले की पाणी तुमच्यापाशी, एक लाख सुटले की त्यांच्यापाशी, असा हिशेब आहे. संगमानंतर मुळेचं पाणी मिळतं ते वेगळं.

आता २५ जुलै २०२४ आठवा. विसर्ग होता सुमारे ३५ हजार क्युसेक. हिशेबाने पाणी तुमच्या उंबऱ्यापासून बरंच लांब होतं. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत ते लोकांचे उंबरे ओलांडून आत गेलं होतं. तळमजले बुडाले, माणसं होड्यांतून काढावी लागली. म्हणजे एकतर पाणी चुकलं, नाहीतर तुम्ही चुकलात, नाहीतर तुमच्या आत घरं बांधू देणारे चुकले. पाण्याची चौकशी करणं सोपं पडतं. ते दुसऱ्या दिवशी सापडत नाही.

वाटेवरून परतताना काठावर एक बाभूळ दिसली. माझ्या डोक्याच्या हातभर वर, फांद्यांच्या बेचक्यात, दुधाच्या पिशव्या, नायलॉनची दोरी, फाटकी ओढणी आणि एकाच पायातली चप्पल, सगळं वाळक्या गाळात लिंपून अडकलेलं. नदीनेही आपली रेषा आखून ठेवली होती, कुणाचा ना हरकत दाखला न घेता. तिच्याखाली उभं राहून दोन मुली सेल्फी काढत होत्या. चांगला आला असेल, उजेड छान होता.

एकूण ४४ किलोमीटरचे काठ असे सजायचे आहेत. मार्च २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला, अंदाजे खर्च ४,७०० कोटींच्या घरात. भराव टाकून पात्र अरुंद होतंय, असं नदीचे अभ्यासक म्हणतात. पूर उलट उतरेल, असं आराखडा म्हणतो. मी सामान्य चालणारा, पण एवढं कळतं की चालायला वाट लागते आणि पुराला पात्र. वाट थोडी मागे सरकली तर माझे पाय तक्रार करणार नाहीत. पात्र मागे सरकलं तर पूर मात्र कुणाकडे अर्ज करत बसणार नाही.

तेव्हा विनंती एकच. नकाशातून बाहेर या. या वाटेवर, भिंतींवर, पुलांच्या खांबांवर दर शंभर पावलांवर निळा पट्टा ओढून घ्या आणि शेजारी लिहा: इतके क्युसेक, इतकी उंची. नदीकाठच्या सोसायट्यांच्या फाटकांवरही लिहा. फ्लॅट विकणाऱ्यांना ते आवडणार नाही, पण घेणाऱ्यांना वाचता येतं. आणि रंग पुसला जाणार नाही असा वापरा. इथे रेषा रात्रीतून सरकतात.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नदीकाठचा एक चालणारा

ता. क. (वाचकांसाठी) – पावसाळ्यात या वाटेवर जाण्याआधी खडकवासल्याच्या विसर्गाचा आकडा बघा. भिडे पूल पाण्याखाली गेला अशी बातमी आली असेल, तर त्या दिवशी चालणं गच्चीवर उरका.