आधीचंच बरं होतं

प्रत्येक सोसायटीत एक अप्पा असतात. वीज मंडळातून नाहीतर बँकेतून निवृत्त, दुपारी मोकळे आणि शर्टाच्या खिशात कायम एक पेन ड्राइव्ह. त्यावर चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलेलं असतं, '७ – ६४ बिट – चालते'. नव्या कॉम्प्युटरचे पेढे द्यायला त्यांच्याकडे जाऊ नये. पेढा तोंडात टाकता टाकताच ते विचारतात, "काढून टाकायचं का ते?"

'ते' म्हणजे आत आयती आलेली नवी विंडोज. ज्यांना आयुष्यात कधी पानभर पत्र टाइप करावं लागलं नाही, अशा पोराटोरांनी ती केलेली असते, असं अप्पांचं ठाम मत आहे. पुरावेही तयार असतात. २०१२ मध्ये विंडोज ८ आली, ती स्टार्टचं बटण गिळूनच. पुढच्या वर्षी ८.१ मध्ये ते परत आलं, तेव्हा अप्पा जिन्यात भेटेल त्याला सांगत होते, "ऐकलं शेवटी!" जणू पत्र यांनीच धाडलं होतं. (धाडलं असेलही. वर्तमानपत्रांना तर धाडतातच.) २०२१ मध्ये ११ आली आणि तेच बटण मधोमध सरकलं. "का? डाव्या कोपऱ्यात वाघ बसला होता?"

कंपनीने परतीची सोय ठेवली आहे, पण मुदत दहा दिवसांची. नवी विंडोज चढवली की जुनी 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरात पडून असते आणि दहा दिवसांनी आपोआप पुसली जाते. २०१६ पूर्वी महिना मिळायचा. अप्पा या मुदतीला 'दहावा' म्हणतात आणि कुणी नवी विंडोज घेतल्याचं कळलं की नवव्या दिवशी न चुकता दारात उभे राहतात.

त्यांची खरी कर्तबगारी पाहायची तर एक्सपीची. पत्रिका जुळवण्याचं त्यांचं सॉफ्टवेअर सीडीवर आलेलं, एक्सपीशिवाय न उघडणारं, आणि निम्म्या कॉलनीची लग्नं त्यावर ठरलेली. मुलाने हौसेने ८ घातलेला नवा कॉम्प्युटर आणला. मुलगा ऑफिसला गेला आणि अप्पांनी एक्सपीची सीडी घातली. निळा पडदा आला आणि थिजला. एक्सपीला नवी हार्ड डिस्क ओळखता येत नाही. तिचा ड्रायव्हर द्यायचा तर सुरुवातीलाच एफ ६ दाबून फ्लॉपी घालावी लागते, आणि नव्या कॉम्प्युटरला फ्लॉपीची फटच नव्हती.

"अहो, चालत होतं ना ते?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"चालत होतं म्हणूनच तर!"

शेवटी बायोसमध्ये शिरून एएचसीआयचं आयडीई केलं. मग एफ ८ दाबून करार मान्य केला (तो पूर्ण वाचणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही), 'अजून ३९ मिनिटं' ही पाटी आली, आणि मध्येच पंचवीस अक्षरी किल्ली भिंग लावून भरली. काकूंचा कुकर झाला, जेवणं झाली, वामकुक्षी झाली, तरी त्या मिनिटांचं घड्याळाशी जमलं नाही. संध्याकाळी ते हिरवं कुरण आणि निळं आभाळ एकदाचं उगवलं. एकेक चित्र मात्र बशीएवढं, कारण डिस्प्लेचा ड्रायव्हर नाही. इंटरनेटही नाही. इंटरनेटला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर आणायला इंटरनेट हवं. तो शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवरून उतरवून आणला. तिथं ८ होती, हा विषय कुणी काढला नाही.

८ एप्रिल २०१४ नंतर एक्सपीला सुरक्षेचे अपडेट मिळेनासे झाले. पुढे बँकेची साइट उघडेना. "बँकेत जाऊन यावं माणसानं, ओळखी राहतात," अप्पा म्हणाले. त्याच सुमारास सूनबाई आपला लॅपटॉप कपाटात कुलपात ठेवू लागल्या.

आता एक आतली गोष्ट. २००१ मध्ये ही एक्सपी आली, तेव्हा तिच्या निळ्या-हिरव्या रंगांना 'बालवाडी' म्हणून नाकं मुरडणारे अप्पाच होते. तेव्हा थोर होती ती ९८. २००९ ची ७ त्यांना थोर वाटू लागली ती ८ आल्यावर. एकदा विंडोजला उतरती कळा लागली की तिच्यात अप्पांना गुण दिसू लागतात. माणसांच्या बाबतीतही त्यांचं असंच आहे. सोसायटीचा प्रत्येक सेक्रेटरी त्यांना पद सोडल्यावरच कर्तबगार वाटला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. ती आली तेव्हा 'आपल्यावर पाळत ठेवते' म्हणून अप्पांनी तीन मजल्यांवरून तिला हुसकावलं होतं. परवा खिशात नवा पेन ड्राइव्ह दिसला. चिकटपट्टीवर '१० – चालते'. तुमच्याकडे ११ असेल तर बेल वाजायच्या आधी फोटोंचा बॅकअप तेवढा घेऊन ठेवा.