बोरं, फुटाणे आणि एक राक्षस

लहान मुलांच्या डोक्यावर खाऊ ओतायची कल्पना मुळात कुणाला सुचली, ते काही आता कळायचं नाही. त्या माणसाच्या घरी केर काढायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी होतं, एवढं मात्र मी खात्रीनं सांगू शकतो.

हैदराबादेत जानेवारीच्या मध्याला हा उद्योग दोन भाषांतून चालतो. तेलुगू घरांत भोगीच्या संध्याकाळी पोरांना पाटावर बसवतात. बोरं, झेंडूच्या पाकळ्या, उसाचे करवे, भिजवलेले हरभरे आणि थोडी चिल्लर अशा मिश्रणाची ओंजळ त्यांच्या डोक्याभोवती ओवाळून वरून सोडतात. याचं नाव भोगिपळ्ळु. आम्हा मराठी मंडळींचं बोरनहाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही चालतं. पाहुण्यांच्या सोयीनं मुहूर्त काढता येणारे सण आपल्याकडे फार नाहीत, म्हणून मला हा सण विशेष आवडतो. १९५६ साली हैदराबाद राज्याच्या वाटण्या झाल्या आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. सुलतान बाजार, काचीगुडा सोडवत नाही म्हणून आमच्यासारखी बरीच घरं इथेच राहिली. तेव्हापासून आमच्या मुलांवर दोन्ही पद्धतींनी बोरं पडत आली आहेत. पाळण्यातल्या जिवाला त्यातला भाषिक फरक कळत नाही. तो दोन्ही वेळा सारख्याच सुरात भोकाड पसरतो.

बोरं निवडायची जबाबदारी घरात माझ्याकडे असते. हल्ली गाड्यांवर ॲपल बोर नावाचं एक धष्टपुष्ट फळ दिसतं. ते खायला ठीक आहे, पण डोक्यावर सोडायचं ते फळ नव्हे. सुलतान बाजारातला गाडीवाला हे माझ्याआधी ओळखतो. "बच्चे के सर पो डालने के हैं तो छोटे लेओ," असं म्हणून तो गावरान बोरांच्या ढिगाकडे बोट दाखवतो. बालसंगोपनावर इतका नेमका सल्ला मला अन्य कुठे मिळालेला नाही.

दोन्हींकडच्या चालीरीती एकाच सोसायटीत नांदल्या की गमती होतात. संक्रांत म्हटली की आम्ही काळं नेसणार, आणि बाळालाही काळंच झबलं. शेजारच्या तेलुगू आजींना हे मुळीच पटत नाही. सणासुदीला तान्ह्या पोराला काळं? त्या तोंडानं काही म्हणत नाहीत, फक्त बाळाची दृष्ट जरा जास्त वेळ काढतात. उलट, त्यांच्याकडे भोगीच्या पहाटे शेकोटीत टाकायला शेणाच्या छोट्या चकत्यांची माळ लागते. त्या चकत्या पोरांनी स्वतःच्या हातांनी थापायच्या आणि मधे भोक पाडून दोऱ्यात ओवायच्या, अशी रीत. इंग्रजी शाळेतल्या 'क्राफ्ट'च्या तासाला चमचमती टिकली सांडली तरी जी आई ओरडते, तीच त्या आठवड्यात पोराला शेणात हात घालायला लावते. आता शेणाच्या तयार चकत्याही घरपोच येतात म्हणा. तेवढीच हातांची बचत.

आमच्याकडचं हस्तकौशल्य म्हणजे हलव्याचे दागिने. खसखशीवर नाहीतर साबुदाण्यावर थेंब थेंब पाक सोडायचा आणि मंद आचेवर बोटांनी परतत राहायचं. थंडी चांगली असली की त्या दाण्यावर काटा उभा राहतो. उत्साहाला येऊन कुणी पाकाची धार सोडली की सगळ्याचा लाडू होतो. मग तो काटेरी दाणा ओवून हार, बाजूबंद, मुकुट, बासरी. माझी आई हे सगळं घरी करायची आणि आम्हा मुलांना परातीजवळ फिरकूही द्यायची नाही. मुलांसाठीच्या कलाकुसरीतून मुलांनाच हाकलायचं, ही आपली जुनी परंपरा आहे. बाळाला तर तो मुकुट दिसतच नाही, कारण तो त्याच्या डोक्यावर असतो. हार तेवढा तोंडाशी येतो, आणि बाळ त्याला लगेच न्याय देतं. छायाचित्रकार 'इकडे बघ, इकडे बघ' करेपर्यंत गळ्यात निम्मा दोराच उरलेला असतो.

अशा आमच्या सोसायटीत गेल्या हिवाळ्यात जपानची भर पडली. शहराबाहेर कंदीला जी आयआयटी आहे, तिची उभारणी जपानच्या मदतीनं झाली आहे, आणि तिथून पुढे शिकायला जपानला जाणारी मुलं बरीच. त्यातलंच एक जोडपं काही वर्षं तिकडे राहून आमच्या वरच्या मजल्यावर आलं. त्यांची मुलगी तिथल्या बालवाडीत गेलेली. बोरनहाणाला तिनं लहानग्यांपेक्षा जास्त बोरं गोळा केली आणि मग मला विचारलं, "तातय्या, राक्षस कधी येणार?"

तिला अभिप्रेत होता तो सेत्सुबुन. जपानात हा सण बहुधा ३ फेब्रुवारीला येतो. तिकडच्या पंचांगातला वसंत सुरू होण्याच्या आदला दिवस. आपल्या संक्रांतीसारखाच तो सूर्यावर चालतो, तिथीवर नाही. २०२१ साली तो १२४ वर्षांनी प्रथमच २ फेब्रुवारीला आला, तेव्हा त्याची तिकडे बातमी झाली होती. त्या दिवशी भाजलेले सोयाबीन उधळत 'राक्षस बाहेर, भाग्य आत' असं ओरडायचं. भाजलेलेच का, तर राक्षसाला मारलेल्या दाण्याला पुढे कोंब फुटला तर पंचाईत. मोठ्या देवळांत हे दाणे सुमो पैलवान उधळतात. नारिता गावच्या देवळात मात्र 'राक्षस बाहेर' म्हणतच नाहीत, नुसतं 'भाग्य आत'. तिथला देव फुदो म्योओ, म्हणजे मूळचा आपल्याकडचा अचल. त्याच्यापुढे राक्षसही सुधारतात अशी श्रद्धा आहे. घरोघरी मात्र राक्षस लागतोच, आणि तो होतो घरातला बाप.

मुलीच्या हट्टापायी सोसायटीतही सेत्सुबुन करायचं ठरलं. आमच्याकडे सगळे बाप त्या संध्याकाळी 'कॉल'वर होते, तेव्हा राक्षसपद माझ्याकडे आलं.

मुलांनी क्लबहाउसात बसून कागदी थाळ्यांचे मुखवटे केले. राक्षसाला बैलाची शिंगं आणि वाघाच्या कातड्याची चड्डी असते. त्याचं कारण असं की जुन्या जपानी दिशाचक्रात बैल आणि वाघ यांच्यामधली दिशा ही राक्षसांचा दरवाजा मानली जाते. ती दिशा म्हणजे ईशान्य. हे ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी गंभीर झाले. या शहरात ईशान्येला देवघर असल्याशिवाय फ्लॅटचा सौदा पुढे सरकत नाही. बिल्डर तर पहिल्या वाक्यातच ईशान्येची हमी देतो. त्याच कोपऱ्यातून शिंगंवाला आत येतो म्हटल्यावर माणसानं करायचं काय? शेवटी, हे वास्तुशास्त्र जपानी फ्लॅटपुरतंच आहे, असा तोडगा निघाला.

दाणे ठेवायला मुलीनं चौकोनी कागदाच्या घड्या घालून पेटी करायला शिकवली. कात्री नाही, डिंक नाही. घड्या घालता घालता शेवटी दोन बाजू ओढल्या की मापासारखी पेटी उभी. मी सोडून सगळ्यांना जमली. भाजलेलं सोयाबीन कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळालं नाही, म्हणून फुटाणे आले. तेही अगदी लहानांच्या हाती दिले नाहीत. पाच वर्षं आणि त्याखालच्या मुलांना टणक दाणे खायला देऊ नका, घशात अडकतात, असं जपानी सरकारच सांगतं. आपल्या बोरनहाणातल्या बोरांच्या आठळ्या नि शेंगदाण्यांनाही हेच लागू आहे, पण आपल्याकडे ते सांगणं आजीवर सोपवलेलं असतं. तर धाकट्यांना वर्तमानपत्राचे बोळे मिळाले. अग्रलेखाचं पान असं थेट छातीवर येऊन आदळल्याचा अनुभव मी प्रथमच घेतला.

मार खाता खाता माझ्या लक्षात आलं की आपल्याकडे मुलांना मधोमध बसवून त्यांच्यावर टाकतात आणि तिकडे मुलांच्या हाती दाणे देऊन मोठ्यांना पळवतात. बोरनहाणात ज्याच्यासाठी समारंभ तो रडत असतो. खरी मजा कडेला दबा धरून बसलेली शेजारची पोरं लुटतात. सेत्सुबुनमध्ये रडतो तो एकटा राक्षस, आणि त्याला निदान मुखवटा असतो. सगळ्यात भित्रं पोर, जे लिफ्टमध्ये मला बघून आईच्या मागे लपतं, तेच सगळ्यात जोरात ओरडत माझ्यामागे लागलं होतं. मी जिन्यापर्यंत पळालो. गुडघ्यांचं काही मत विचारलं नाही. पुढच्या रथसप्तमीच्या आत बोरनहाण होईल तेव्हा बाळाच्या हातातही मूठभर चुरमुरे द्यावेत आणि ओळीनं काका, मामा, आत्याचे यजमान समोर उभे करावेत, अशी सूचना मी घरात मांडली आहे. आत्याच्या यजमानांचा विरोध आहे.

खेळ संपला की आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे, अशीही तिकडे चाल आहे. सहा वर्षांची ती मुलगी सहा फुटाणे खाऊन मोकळी झाली आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी सत्तरीच्या पुढचा, दाढांचा हिशेब वेगळा. मोजणी विसाच्या आसपास रेंगाळली तेव्हा तिच्या आईनं माझी सुटका केली. जपानात म्हाताऱ्यांसाठी पळवाट आहे म्हणे: तीन दाणे घातलेला चहा प्यायचा, की वयाचा हिशेब चुकता. त्या चहात समुद्री शेवाळ आणि खारवलेला जर्दाळूसारखा आंबट प्लमही घालतात. ते इथे कुठून आणणार? मी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून इराणी चहा मागवला आणि त्यात तीन फुटाणे सोडले. सूनबाईंनी नाक मुरडलं. पण या शहरानं त्याच चहात आजवर उस्मानिया बिस्किटांचा इतका चिखल करून प्यायला आहे, की तीन फुटाण्यांवर आक्षेप घ्यायला कुणाची जीभ रेटेल असं मला वाटत नाही.