एका कमांडीचा गडी

वांगणीत नेटवर्क नाही असं कोणी म्हणालं की आमचा पुतण्या त्याला घरामागच्या मोहाखाली घेऊन जातो. तिसऱ्या फांदीला प्लास्टिकच्या पिशवीत त्याचा फोन टांगलेला, खाली पालथ्या घमेल्यावर लॅपटॉप, आणि चैत्र असल्यामुळे कीबोर्डवर टपटप मोहाची फुलं. सुट्टी बोहाड्यासाठी, म्हणजे गावच्या मुखवट्यांच्या सोंगांसाठी काढलेली, पण बसायचं इथे.

पुण्यात तो नेमकं काय करतो ते घरात कोणाला सांगता येत नाही. मला समजलं ते असं: प्रोग्राम कंटेनरात भरतात, आणि असे ढीगभर कंटेनर कुबरनेटीस नावाचा मुकादम सांभाळतो. एक मेला की दुसरा उभा करतो. गूगलने हा मुकादम २०१४च्या जूनमध्ये सगळ्यांना खुला केला. त्याच वर्षी १ ऑगस्टला आपला पालघर जिल्हा झाला. कागदांचा सोस दोघांना सारखाच. साध्या वेबसाइटला मुकादम यॅमलचे पाच-सात कागद मागतो. ते एका गठ्ठ्यात बांधून देणारं अवजार म्हणजे हेल्म, आणि गठ्ठ्याला म्हणायचं चार्ट. हेल्म म्हणजे सुकाणू, चार्ट म्हणजे दर्यावरचा नकाशा. डोंगरातल्या पोराच्या तोंडी सगळी बोटीची भाषा!

"काका, एका कमांडीत होतं," हे त्याचं पालुपद. हेल्म इन्स्टॉल लिहायचं, एंटर मारायचं, संपलं. कमांडीच्या आधीचे तीन तास तो हिशेबात धरत नाही. परवा दुपारभर पडद्याला नाक लावून बसला होता. व्हॅल्यूजच्या फायलीत एका ओळीच्या सुरुवातीला एक मोकळी जागा कमी पडली होती. टॅब दाबून चालत नाही म्हणे, स्पेसच मोजून द्यायच्या. ती सापडली, एंटर मारला, तर आत "इमेज पुल बॅकऑफ": कंटेनराची इमेज नेटवरून उतरेना. वाऱ्याने फांदी हलली होती.

समजावतो मात्र छान. "बोहाड्यात सोंग ठरलेलं, मुखवटा ठरलेला. आत डोकं कोणाचं, संबळवाले किती, हे गावागणिक वेगळं. मुखवटा तो चार्ट, बाकीच्या व्हॅल्यूज. तेच सोंग दोन गावांत नाचलं की दोन रिलीज." पूर्वी मुकादमाच्या क्लस्टरमध्ये हेल्मचा टिलर नावाचा मध्यस्थ सगळ्या चाव्या घेऊन बसायचा; २०१९च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याची उचलबांगडी झाली. हे सांगताना बाजारातून अडत्या हाकलल्याचा आनंद त्याच्या तोंडावर असतो.

पण त्याचा खरा जीव रोलबॅकवर. रेप्लिका, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या चालत्या प्रती, दोनच्या चार करून हेल्म अपग्रेड मारलं, लॅपटॉप धापा टाकायला लागला, की हेल्म रोलबॅक. पहिली मांडणी परत. गंमत अशी, की मागे जाऊनही आवृत्तीचा आकडा पुढेच सरकतो: एक, दोन, आणि परतल्यावर तीन. "म्हणून आपल्याला भीती नाही," असं तो जेवताना ठासून सांगत होता.

आजीने त्याच्यापुढे नागलीची भाकरी आणि डाळीची वाटी ठेवली.

"मीठ जास्त पडलंय. कर तुझं ते मागे."

त्याने बोट बुडवून चाखलं. तोंड वेडंवाकडं झालं, पण धंद्याशी इमान राखून म्हणाला, "आजी, मीठ म्हणजे डेटा. रोलबॅकने कागद मागे जातात. डेटाबेसात पडलं ते पडलं."

"मग तुम्ही काय करता?"

"आधी बॅकअप घेतो."

"घेतलावतास का परवा?"

तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला. आजीने डाळीच्या पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलं, ते पुन्हा चुलीवर चढवलं आणि मला म्हणाली, "शेजारच्यांना हाक मार. आणखी चार ताटं मांड."